विजेवरील चाकाची खुर्ची : आसनातील दोष आणि दुरुस्तीचा प्रश्न



१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' हे चक्रीवादळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वेदारण्यमजवळ धडकले. नागपट्टिनम, तिरुवारूर, पुदुक्कोट्टै आणि तंजावूर या जिल्ह्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. तंजावूर जिल्ह्यातील पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू या भागांत नारळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळग्रस्त जिल्ह्यांत मिळून एक लाखाहून अधिक विजेचे खांब कोसळले आणि अनेक खेड्यांत वीज परत येण्यास कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे लागले. अशा आपत्तीनंतर पिकांची, घरांची, होड्यांची मोजदाद होते. विजेवाचून ज्यांचे उठणे-बसणेच थांबते अशा माणसांची मोजदाद मात्र सहसा कोणी करीत नाही. ज्या व्यक्तीची चाकाची खुर्ची बॅटरीवर चालते, तिच्या दृष्टीने वीज जाणे म्हणजे घराबाहेर पडणे थांबणे. त्यातही खुर्चीचे आसनच विजेवर हलत असेल, तर बसल्या जागी अंगावरचा भार इकडून तिकडे करण्याची सोयदेखील वीज गेल्याबरोबर जाते.

चक्रीवादळ हे झाले ठळक कारण. हेच संकट एखाद्या सैल झालेल्या पिनेमुळे, गंजलेल्या जोडणीमुळे किंवा काही रुपयांच्या एका सुट्या भागामुळे कोणत्याही साध्या दिवशी ओढवू शकते. म्हणूनच विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या आसनव्यवस्थेत विद्युतदोष निर्माण झाला तर तो कसा शोधावा, हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही. साधन मिळाले, फीत कापली गेली, छायाचित्र निघाले. पुढे तीन वर्षांनी ते साधन चालू आहे काय, हा विकासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा एखाद्या केबलच्या टोकाशी दडलेले असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. एकूण लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांपैकी हालचालीचे अपंगत्व असणाऱ्यांची संख्या ५४ लाखांहून अधिक होती आणि सर्व प्रकारांत हाच गट सर्वांत मोठा होता. या सर्वांना विजेवरील खुर्ची लागत नाही. मानेपाशी मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्ती, स्नायूंचा अपक्षय होत जाणारे तरुण, तीव्र स्वरूपाचा मेंदूचा पक्षाघात असलेली मुले, अशा तुलनेने लहान गटाला ती लागते. आणि त्यांतील ज्यांना हातांच्या बळावर स्वतःचे शरीर उचलून सरकता येत नाही, त्यांना हलते आसन लागते. गट लहान आहे, परंतु त्याचे परावलंबन सर्वाधिक आहे.

आसन हलायचे कशासाठी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. निरोगी माणूस खुर्चीवर बसला तरी क्षणोक्षणी चुळबुळ करतो. ज्याच्या शरीराला संवेदना नाही किंवा हालचाल नाही, त्याच्या बैठकीच्या हाडांखालची त्वचा तासन्‌तास दाबली जाते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात आणि शय्याव्रण तयार होतो. हा व्रण वरून लहान दिसतो, आत खोल असतो. भरून येण्यास महिने घेतो आणि त्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास प्राणावर बेततो. यावर उपाय म्हणजे संपूर्ण आसन मागे कलते करून भार बैठकीवरून पाठीकडे वळविणे. येथे शालेय भौतिकशास्त्र उपयोगी पडते. ढोबळ गणित केले, तर आसन १५ अंश कलल्यावर बैठकीवरचा लंबरूप भार मूळ भाराच्या सुमारे ९७ टक्के उरतो, ३० अंशांवर ८७ टक्के आणि ४५ अंशांवर ७१ टक्के. म्हणजे थोडेसे कलणारे आसन आरामदायी वाटले, तरी त्वचेला त्याचा फारसा उपयोग नाही. भार खरोखर हलविण्यासाठी ३० अंश किंवा त्याहून अधिक कलावे लागते, आणि तेही दिवसातून अनेकदा. त्यामुळे '४५ अंश कलणारे आसन हल्ली २० अंशांवरच अडते' ही तक्रार किरकोळ नाही.

मागे कलण्याला एक धोकाही चिकटलेला आहे. तंजावूरची मान डोलावणारी, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली सर्वपरिचित आहे. तिचा तळ जड व गोल असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि कललेली बाहुली आपोआप सरळ होते. खुर्चीचे नेमके उलट असते. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य उंचावर असतो. आसन मागे गेले की तोही मागच्या चाकांच्या दिशेने सरकतो आणि अशा स्थितीत खुर्ची चढावर नेली तर उलटू शकते. म्हणून आसन ठरावीक अंशांपलीकडे कलले की खुर्चीचा वेग कमी व्हावा किंवा चाके थांबावीत, अशी विद्युत अटकाव-योजना खुर्चीत केलेली असते. दोषशोधात ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

या खुर्चीचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडातील संशोधक जॉर्ज क्लाइन यांनी विजेवरील खुर्ची विकसित केली आणि १९५० च्या दशकात तिचे कारखानी उत्पादन सुरू झाले. तामिळनाडूपुरते बोलायचे, तर १९५४ मधील मोटार अपघातात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पुनर्वसन वैद्यकाचा पाया घातला. तेथील पुनर्वसन संस्था १९६६ मध्ये सुरू झाली. मद्रास आयआयटीतील पुनर्वसन संशोधन केंद्रातून २०१९ मध्ये 'अराइज' ही उभे राहण्यास मदत करणारी यांत्रिक खुर्ची आणि २०२४ मध्ये 'निओस्टँड' ही त्याच कामाची विजेवरील खुर्ची पुढे आली. अशा देशी खुर्च्या जसजशा वाढतील, तसतसा त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्नही चेन्नईबाहेर जाणार आहे. चेन्नईपासून तंजावूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, आणि आसन अडकलेल्या माणसासाठी ते अंतर फार आहे.

आता प्रत्यक्ष यंत्रणेकडे वळले पाहिजे. बहुतेक विजेवरील खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत असतात व एकूण विद्युतदाब २४ व्होल्ट मिळतो. तेथून फ्यूजमार्गे वीज नियंत्रक पेटीत येते. वापरणारी व्यक्ती कळ दाबते किंवा जॉयस्टिक वळवते. नियंत्रक पेटीतील रिले अथवा इलेक्ट्रॉनिक स्विच वीज ॲक्च्युएटरकडे सोडतो. ॲक्च्युएटर म्हणजे मोटार, दंतचक्रे आणि आटे असलेला दांडा यांची एक बंद नळी. मोटार फिरली की दांडा बाहेर येतो किंवा आत जातो आणि आसन, पाठ वा पायटेकू हलतो. विजेची दिशा उलटी केली की दांड्याची दिशाही उलटते. दांडा टोकाला पोहोचल्यावर मोटार जळू नये म्हणून नळीच्या आत दोन लिमिट स्विच असतात. बॅटरी, फ्यूज, मुख्य केबल, कळ, नियंत्रक पेटी, ॲक्च्युएटरची केबल, लिमिट स्विच, मोटार अशी ही आठ कड्यांची साखळी आहे.

साखळीचे कोणतेही एक कडे तुटले की दिसणारी तक्रार एकच असते: 'आसन हलत नाही.' पहिल्या कड्यापासून एकेक तपासत जाणारा मेकॅनिक आठव्या कड्यापर्यंत पोहोचतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. जाणकार मेकॅनिक साखळी मध्यावर तोडून पाहतो. अर्धी साखळी निर्दोष ठरली की उरलेली चार कडी. त्यांतील अर्धी तपासली की दोन. आणखी एका चाचणीत एक. आठ जागा, तीन चाचण्या. स्पर्धा परीक्षेतील तर्कप्रश्न याच रीतीने सोडवले जातात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पण त्याआधी एक पायरी आहे आणि ती वगळण्याची मुभा कोणालाही नाही. खुर्चीत माणूस बसलेला असताना आसनाच्या यंत्रणेला हात लावायचा नसतो. प्रथम त्या व्यक्तीला दोघांनी किंवा तिघांनी मिळून, अथवा उचलयंत्राच्या साहाय्याने बिछान्यावर घ्यावे. त्यानंतर कललेल्या आसनाखाली लाकडी ठोकळा किंवा भक्कम आधार द्यावा, कारण ॲक्च्युएटरची खीळ काढताच आसन धाडकन खाली येऊ शकते. बॅटरीची जोडणी सोडवावी. मनगटातील कडे, बोटातील अंगठी उतरवावी. २४ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. परंतु बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि अंगठी क्षणात तापून बोट भाजते. विद्युतदाब मोजण्यासाठी बॅटरी पुन्हा जोडावी लागते. तेवढ्या वेळात हात हलत्या भागांपासून दूर असावेत.

साखळीचा मध्यबिंदू बहुतेक वेळा कानाने सापडतो. कळ दाबल्यावर नियंत्रक पेटीत 'टक्' असा रिलेचा आवाज येतो काय? येत असेल, तर बॅटरीपासून आज्ञा पोहोचेपर्यंतचा भाग बहुधा ठीक आहे आणि दोष पेटीच्या पुढे, म्हणजे केबल, लिमिट स्विच किंवा मोटारीत आहे. आवाज येत नसेल, तर दोष मागे: कळ, फ्यूज, जोडणी किंवा बॅटरी. नव्या खुर्च्यांत रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असल्यास आवाज येत नाही. तेथे दिव्याची उघडझाप दोषाचा संकेतांक सांगते. तो संकेतांक उत्पादकागणिक वेगळा असतो आणि त्याचा तक्ता सोबतच्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका मात्र बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते.

तक्रारीचा तपशील नीट ऐकला तर निम्मे काम होते. आसन मागे जाते पण पुढे येत नाही, असे सांगितले गेले तर बॅटरी आणि मोटार यांच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. एका दिशेने फिरणारी मोटार जिवंत आहे. अशा वेळी कळीचा एक संपर्क, एक रिले किंवा एक लिमिट स्विच तपासावा. आसन काही वेळ चालते, मग थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालते, असे असेल तर उष्णतेमुळे उघडणारा आणि थंड झाल्यावर आपोआप जुळणारा संरक्षक स्विच आपले काम करीत आहे. असे ॲक्च्युएटर सतत चालण्यासाठी बनवलेलेच नसतात. वीस मिनिटांत दोन मिनिटे चालणे एवढीच अनेकांची क्षमता असते. पाहुण्यांना दाखविण्यासाठी आसन दहा वेळा वर-खाली केल्यावर ते थांबले, तर तो बिघाड नव्हे. केबल हाताने हलवली की आसन चालू होते, असे असेल तर बिजागरीपाशी वारंवार वाकणारी केबल आतून तुटली आहे; वरचे प्लॅस्टिक शाबूत असते, आतले तांब्याचे धागे एकेक करून गेलेले असतात.

सर्वांत फसवी तक्रार वेगळीच असते: 'खुर्ची चालत नाही.' कुटुंबीय चाकांच्या मोटारी बदलण्याच्या तयारीत असतात, प्रत्यक्षात दोष आसनात असतो. आसन सरळ झाले आहे हे सांगणारा छोटा स्विच धुळीने अडकला किंवा त्याची तार सुटली, की नियंत्रकाला आसन अजून कललेलेच वाटते आणि सुरक्षिततेसाठी तो चाके रोखून धरतो. यंत्र आपले कर्तव्य बजावत असते, त्याला मिळालेली माहिती तेवढी चुकीची असते. अशीच गोष्ट चार्जरची. चार्जर जोडलेला असताना खुर्ची धावू नये, अशी सोय जाणूनबुजून केलेली असते. चार्जिंगच्या जागेत ओल किंवा कचरा शिरला तर चार्जर नसतानाही तो जोडल्याचा भास नियंत्रकाला होऊ शकतो.

आता मापनाचा प्रश्न. हातात मल्टिमीटर आला की दोष सापडलाच, हा समज या क्षेत्रात सर्वाधिक नुकसान करतो. समजा, ॲक्च्युएटरच्या जोडणीवर मीटर लावला आणि २४ व्होल्ट दिसले. 'वीज येते आहे, म्हणजे ॲक्च्युएटर गेला,' असा निष्कर्ष काढून नवा, महागडा भाग मागविला जातो. तो बसवला तरी आसन जागचे हलत नाही. असे का होते? मीटर स्वतः जवळजवळ प्रवाहच घेत नाही. केबलमधील केवळ एक धागा उरला असला, किंवा पिनेवर हिरवट थर चढला असला, तरी प्रवाह नसल्यामुळे तेथे विद्युतदाब घटत नाही आणि मीटर पूर्ण आकडा दाखवतो. मोटार चालू करण्याचा प्रयत्न केला की चित्र पालटते. ओहमचा नियम लावून पाहावा: जोडणीचा रोध ०.५ ओहम आणि मोटारीचा प्रवाह ६ अँपिअर असेल, तर त्या एकाच जोडणीवर ३ व्होल्ट खर्ची पडतात. शिवाय प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की १८ वॅट उष्णता येते, आणि तीही बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकमध्ये. प्लग काळवंडतो, वितळतो, त्यामुळे संपर्क आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो.

यासाठी मापन भार असताना करायचे. मीटरची दोन टोके जोडणीच्या अलीकडे व पलीकडे ठेवावीत, कळ दाबून मोटारीला प्रवाह घेऊ द्यावा आणि त्या जोडणीवर किती व्होल्ट 'हरवतात' ते पाहावे. चांगल्या जोडणीवर हा आकडा व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे जात नाही. बॅटरीलाही हीच कसोटी लागू आहे. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटऱ्यांची जोडी विश्रांतीत २५.४ ते २५.८ व्होल्ट दाखवते. आसन उचलताना हा आकडा २१ च्या आसपास कोसळत असेल, तर आसनाला दोष देण्यात अर्थ नाही. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. पुष्कळदा एक उत्तम असते आणि दुसरी तिला मागे ओढत असते. मात्र बदलताना दोन्ही एकदम बदलाव्यात. नव्या बॅटरीला जुनीचा जोडीदार दिला, तर नवीही लवकर जुनी होते.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याच्या जागी जाड तार किंवा जास्त क्षमतेचा फ्यूज घालणे हा गुन्हा समजावा. फ्यूज उडतो तेव्हा तो केबलचा आणि केबलवर बसलेल्या माणसाचा जीव वाचवीत असतो. लिमिट स्विच 'बायपास' करून आसन चालू करून देणारे कुशल हातही काही ठिकाणी आढळतात. असे आसन काही दिवस चालते. नंतर दांडा टोकाला जाऊनही मोटार ढकलत राहते आणि दंतचक्रे तुटतात किंवा चौकट वाकते.

तंजावूरच्या परिसराने या दोषांना आपले वळण दिले आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वर्षातील पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. भातखाचरांत पाणी, अंगणात पाणी, हवेत दमटपणा. तांब्यावरचा हिरवा थर या दिवसांत झपाट्याने वाढतो. उलट एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात बंद खोलीत चार्ज होणाऱ्या बॅटरीचे आयुष्य घटते. भाताच्या घरांत उंदीर असतात आणि त्यांना केबलवरचे प्लॅस्टिक कुरतडण्यास वेळ काळ लागत नाही. गंजलेल्या पिनेवर खोबरेल तेलाचे बोट फिरवणे हा घरगुती उपाय नारळाच्या मुलखात स्वाभाविक आहे. पण तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात संपर्क पूर्वीपेक्षा वाईट होतो. संपर्क स्वच्छ करण्याचा फवारा किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. खुर्ची पाइपच्या पाण्याने धुणे तर कटाक्षाने टाळावे.

मराठी वाचकाला तंजावूर म्हटले की भोसले घराणे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे दुसरे यांनी तेथे 'धन्वंतरी महाल' चालविला. त्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह जतन झालेल्या आहेत. रोग्याची तक्रार, तपासणीत दिसलेली खूण, केलेला उपचार, मागाहूनची स्थिती: प्रत्येक रोग्याचा कागद वेगळा. दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यासाठी जे झाले, ते आज एका खुर्चीसाठी होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. बहुसंख्य खुर्च्यांना आयुष्यात एकदाच कागद मिळतो, तो वाटपाच्या दिवशीच्या पोचपावतीचा.

शासनाची चौकट तोकडी नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधने पुरविणारी केंद्राची 'ॲडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. २०१४ मध्ये सुधारलेल्या तिच्या नियमांनी मोटारीच्या तीनचाक्या व खुर्च्या यांसाठी २५,००० रुपयांपर्यंत अनुदान आणि किमान १६ वर्षे वयाची अट ठरविली. साधन दिल्यानंतरच्या देखभालीची अपेक्षाही योजना राबविणाऱ्या संस्थांकडून ठेवली. कानपूर येथील 'एलिम्को' हा १९७२ मध्ये स्थापन झालेला सार्वजनिक उपक्रम ही साधने बनवतो. अशा वाटपातील मोटारीच्या तीनचाकीत आसन सहसा स्थिर असते. विजेवर कलणारे आसन असलेल्या खुर्च्या प्रामुख्याने आयात केलेल्या, महाग आणि सुट्या भागांच्या बाबतीत दूरच्या उत्पादकावर विसंबलेल्या असतात. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढविले. त्याच्या कलम २४ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत साहाय्यक साधने मोफत देण्याची तरतूद आहे. कलम ८ आपत्तीच्या काळातील समान संरक्षणाचे असून, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी असे त्यात म्हटले आहे. 'गज'सारख्या वादळाच्या संदर्भात ही नोंद तेव्हाच उपयोगी पडेल, जेव्हा तीत नाव आणि पत्त्याशेजारी 'साधन विजेवर चालते काय, बॅटरी कोणती, चार्जिंगची पर्यायी जागा कोणती' हे रकाने असतील.

कायद्यात 'साधन' हा शब्द आहे. 'दुरुस्ती' हा शब्द शोधावा लागतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये केवळ विजेवरील खुर्च्यांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. सुटे भाग, हत्यारे, तांत्रिक कागदपत्रे आणि दोषनिदानाची संगणक-प्रणाली मालकाला व स्वतंत्र मेकॅनिकला उपलब्ध करून देण्याचे बंधन त्याने उत्पादकांवर घातले. श्रीमंत देशातही अधिकृत तंत्रज्ञाची वाट पाहत लोक आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहत होते, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे प्रारंभी निवडण्यात आली. दिव्यांगांची साधने त्यांत स्वतंत्रपणे नव्हती. ट्रॅक्टर बंद पडला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, हे धोरणकर्त्यांच्या ध्यानात आले. आसन बंद पडले तर काय जाते, हे त्यांच्यापर्यंत पोहोचायचे आहे.

मनुष्यबळ मात्र वाटते तितके दुर्मीळ नाही. भारतीय पुनर्वसन परिषद १९९२ च्या कायद्यानुसार पुनर्वसन अभियंते व तंत्रज्ञ यांची नोंदणी करते. त्यांची संख्या अपुरी असली, तरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून विजतंत्री व इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दरवर्षी बाहेर पडतात. शिवाय ई-रिक्षा आणि विजेवरील दुचाकी यांमुळे बॅटरी, नियंत्रक, केबल यांची ओळख असलेले मेकॅनिक आता जिल्ह्याच्या गावी सापडतात. खुर्चीतील वर सांगितलेल्या दोषांपैकी बहुतेक त्यांच्या आवाक्यातले आहेत. त्यांना दोन गोष्टी शिकवाव्या लागतील. एक, खुर्चीतल्या माणसाला आधी उतरवून घेणे. दुसरी, त्याचे ऐकणे. कारण कळ दाबल्यावर नेहमीचा आवाज कोणता आणि आजचा कोणता, हे दिवसाचे बारा तास त्या खुर्चीत घालविणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

एक जागा मात्र त्यांच्याही आवाक्याबाहेर राहते. अनेक दोन-तारी ॲक्च्युएटरमध्ये लिमिट स्विचला समांतर एक डायोड बसवलेला असतो. दांडा टोकाला पोहोचला की स्विच उघडतो आणि पुढची वाट बंद होते. परतीचा उलटा प्रवाह या डायोडमधून जातो. डायोड निकामी झाला, तर आसन पूर्ण मागे कलल्यावर तेथेच अडकते आणि कोणतीही कळ त्याला परत आणू शकत नाही. असा डायोड बाजारात काही रुपयांना मिळतो. पण तो बंद नळीच्या आत असतो, नळी उघडली की हमी संपते, आणि उत्पादक डायोड विकत नाही, संपूर्ण ॲक्च्युएटर विकतो. खरेदीच्या निविदेत सुटे भाग किती वर्षे मिळतील, विद्युत आराखडा सोबत देणार काय, आसन हाताने सरळ करण्याची आणीबाणीची खीळ आहे काय, हे तीन प्रश्न विचारणे खरेदी समितीच्या हाती आहे. त्यासाठी तिच्यासमोर जिल्ह्यातील खुर्च्यांच्या नोंदी असाव्या लागतील: कोणत्या महिन्यात, कोणती जोडणी, भार असताना किती व्होल्टची घट, काय बदलले, आणि ती व्यक्ती किती दिवस अंथरुणात होती.